बोराटी आणि भात

बाबा, वैशाखात शेताच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे गवत करपून जाते, तळ्याच्या गाळाला भेगा पडतात आणि शेजारची बोराटी मात्र हिरवीच राहते, हे कोडे आपल्या भागात कुणी पाहिलेले नाही? रानबोराच्या त्या काटेरी झुडपाचे उत्तर तुम्हीच मला दिले होते: मूळ खोल, पान लहान, पानामागे पांढरी लव. रानातली हरणे उन्हाळा बोराटीवरच काढतात. आज मी हे वर्गात शिकवतो आणि दर वेळी तितकाच रंगून जातो.

गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर वनरक्षक म्हणून तुमची बदली लाखांदूरकडे झाली. त्या उन्हाळ्यात कुत्र्यांनी पिटाळलेली चितळाची मादी आपल्या क्वार्टरच्या आवारात शिरते. तुम्ही तिच्यापुढे बोराटीचे डहाळे टाकता आणि वणवा विझवायला निघून जाता. काट्यांत तोंड घालणारे ते जनावर आईला बघवत नाही. ती टोपलेभर भात पुढे ठेवते. पाल्याची सवय असलेल्या पोटात एकदम इतका भात गेला की तो आंबतो, आम्ल वाढते. तुम्ही परतता तेव्हा चितळ फुगून मेलेले असते.

गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडले, तेव्हा शेजाऱ्यांदेखत तुम्ही आईला बोलावलेत.

“ये न, पाह्य तुया हातचा भात.”

“भुकेली होती ना जी ते. काटे काहून खाईन?”

“काटे खाऊनच जगली असती. तुया मायेनं मेली.”

तुमचे शास्त्र अचूक होते. पण पुढे प्रत्येक पाहुण्याला तुम्ही सांगत राहिलात, “इच्या हातचं जपून खाजा बाप्पा, हरणी मारली इनं.” आधी आईही हसायची. मग हसेनाशी झाली आणि प्रत्येक घासाआधी विचारू लागली, “वाढू का?” तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, ती अजून विचारते. मलासुद्धा.

गेल्या उन्हाळ्यात तिला रानाच्या कडेला नेले, हरणांनी खाल्लेली बोराटी दाखवली.

“टोचत नसन का रे तिले?”

“नाही आई. तोंड निमुळतं असते. काट्यातून नेमकं पान ओढते.”

“म्हंजे उपाशी नव्हती ते,” एवढेच ती म्हणाली. त्या रात्री तिने मला न विचारता वाढले.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी पाठवले नसते. तुम्ही ते पाहुण्यांना वाचून दाखवाल, ही भीती अजून गेलेली नाही. खरे तर एवढे समजावण्यासाठी कुणाचे पोट उघडून दाखवावे लागत नाही. रानाच्या कडेची खाल्लेली डहाळी घ्यावी. टोक सुरीने कापल्यासारखे तिरपे असेल, तर सशाने खाल्ली. चिंध्या होऊन तुटले असेल, तर हरणाने, कारण त्याला वरचे पुढचे दात नसतात. बोट फिरवले की कळते.