कडेला ठेवलेली मिरची

रविवार, संध्याकाळ

वाचनालयात नुकतीच ओळख झालेल्या शैलाताई आणि रुक्सानासोबत आज साताऱ्यात फूड ट्रकवर वडे खाल्ले. नाश्ता म्हणावा की जेवण? उभ्यानं खायला आधी लाजच वाटली.

तळलेली मिरची मी सवयीनं कडेला ठेवली. ती ह्यांची असायची. हे गेल्यापासून टाकूनच देते.

शैलाताईंनी न विचारताच उचलली. "आवं, टाकताय व्हय?"

मला वाटलं, आता रडते की काय? तेवढ्यात त्यांना जोराचा ठसका लागला. रुक्साना म्हणाली, "खावा अजून चोरून!" मी पोट धरून हसले. ह्यांनाही असाच ठसका लागायचा, तरी मिरची सोडायचे नाहीत.

"फुडच्या रविवारीबी मिरची माझीच हां," शैलाताई म्हणाल्या.

मी हो म्हणाले. मिरची आता वाया जाणार नाही.