‘कुंपणवार्ता’च्या संपादकाची शेवटची दुरुस्ती

मी, लॉर्न मेट्रो प्रोकोपचुक, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वीचा धंदा रेल्वेच्या गोदामात कारकुनी, राहणार सेंट जेम्स, विनिपेग, प्रांत मॅनिटोबा, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय मात्र कामातून गेले असून मी उन्हाळा बघेन याची हमी कोणी देत नाही. सबब, कोणाच्या आग्रहावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करीत आहे. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी लोकांशी गरजेपेक्षा चांगला वागलो होतो.

कलम १. माझे राहते घर मुलगी व्हॅलरी हिला मिळावे. घर धावपट्टीच्या सरळ रेषेत आहे आणि विमान उतरताना कपाटातल्या बशा वाजतात. जावई रसेल याला तो आवाज सोसत नाही, म्हणून तो घर विकणार हे मी धरून चालतो. त्याने गिऱ्हाइकाला आवाजाबद्दल आधी सांगावे. आतापासूनच लोकांना घर दाखवायला तो दुपारी दोनलाच का बोलावतो, ते मला कळते. त्या वेळी आमच्या बाजूने काही उतरत नाही.

कलम २. बँकेत जे असेल तेही व्हॅलरीलाच. फार आशा धरू नये, विमानांचे फोटो काढायचे फिल्मचे रोल कधीच स्वस्त नव्हते.

कलम ३. माझी ॲल्युमिनियमची शिडी. विमानतळाचे कुंपण उंच आहे आणि चौथ्या पायरीवर उभे राहिल्याशिवाय विमानाच्या शेपटीजवळचा नंबर नीट दिसत नाही. ही शिडी आमच्या विमानप्रेमी क्लबच्या हल्लीच्या सभासदांना मुळीच देऊ नये. त्यांना तिची गरज नाही. ते गाडीत हीटर लावून बसतात, फोनवर विमानाचा ठिपका सरकताना बघतात आणि विमान पाहिले म्हणून लिहून मोकळे होतात. नकाशावर बोट ठेवून गावाला जाऊन आलो म्हणण्यातली ही गत. शिडी चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावी. शुक्रवारी पेरोगी, म्हणजे बटाट्याचे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, करणाऱ्या बायकांना वरच्या फळीवरची पातेली काढायला ती उपयोगी पडेल.

कलम ४. क्लबचे अध्यक्ष गॉर्डन पेलेटिए यांना माझी कात्री आणि डिंकाची बाटली द्यावी. बारा वर्षे हा गृहस्थ क्लबच्या संकेतस्थळावर ‘ताज्या बातम्या’ लिहितो. म्हणजे विमान कंपनीने धाडलेले पत्रक जसेच्या तसे चिकटवतो. कंपनीने उत्तरेकडच्या एका गावाची आठवड्यातली एकुलती एक फेरी ‘प्रवाशांच्या सोयीसाठी’ बंद केली, तेही त्याने आनंदाची बातमी म्हणून छापले. मी विचारले, “गॉर्डन, तू स्वतः जाऊन बघितलंस का?”

“त्यात बघायचं काय, काका? कंपनीनेच कळवलंय.”

“मग क्लब कशाला हवा? कंपनीच्या दारात स्टूल टाकून बस, टोपी तरी मिळेल.”

त्यानंतर त्याने मला नाताळचे कार्ड पाठवलेले नाही. त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

कलम ५. माझ्या एक्केचाळीस नोंदवह्या आणि विमानांच्या फोटोंच्या अकरा हजारांवर पारदर्शिका (स्लाइड). या कलमाआधी थोडा खुलासा करणे भाग आहे.

कुंपणावरचा कायदा एकच. नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पुरता वाचला तरच वहीत लिहायचा. एक अक्षर जरी सुटले तरी विमान पाहिलेच नाही असे समजायचे. सव्वीस वर्षे मी ‘कुंपणवार्ता’ हे आमचे मासिक पत्र चालवले आणि हा कायदा कडक राबवला. ज्याची नोंद संशयास्पद वाटे त्याचे नाव शेवटच्या पानावर चौकटीत, ‘अमान्य’ असा शेरा मारून छापत असे. भली भली माणसे त्या चौकटीला टरकून असत आणि मला ते आवडत असे.

७ फेब्रुवारी १९८७, शनिवार. त्या दिवशी दहा ते चार कुंपणावर माझी पाळी होती. उणे चौतीस तापमान होते. डेस्मंड फ्लेट हा आमचा सभासद, शाळेची बस चालवणारा, मितभाषी माणूस, दुपारी एकच्या सुमारास एकटाच कुंपणापाशी आला. त्याने कळवले की एक वीसला चार इंजिनांचे सोव्हिएत मालवाहू विमान उतरले, इंधन घेऊन चाळीस मिनिटांत गेले. नंबर पुरता लिहून दिला होता. फोटो नव्हता, कारण थंडीने कॅमेऱ्याचे बटण गोठले होते.

मी चौकट छापली. ‘संपादक त्या दिवशी दहा ते चार कुंपणापाशी हजर होता. असे कोणतेही विमान उतरले नाही. नोंद अमान्य.’

संपादक कुंपणापाशी नव्हता. बारापासून साडेतीनपर्यंत तो रस्त्यापलीकडच्या डोनटच्या दुकानात सूप पीत बसला होता. थंडी वाजली म्हणून खोटे बोललो, एवढेच. याहून मोठे कारण असते तर सांगायला बरे वाटले असते.

पुढच्या सभेत कोणीतरी फ्लेटच्या खुर्चीवर प्लास्टिकचे खेळण्यातले विमान ठेवले. सगळे हसले, मीही हसलो. त्याने ते उचलून खिडकीत ठेवले, कोट घातला आणि गेला. पुन्हा कधी आला नाही. वसंतात कळले की त्याने कॅमेरा विकला.

सहा आठवड्यांनी पूर्व किनाऱ्याकडच्या गँडर विमानतळावरून एका सद्गृहस्थाचे पत्र आले. तेच विमान, तोच नंबर, त्याच संध्याकाळी विनिपेगहून तिथे उतरले होते. मी पत्र खणात ठेवले आणि खण बंद केला. आयुष्यभर मी ज्या लबाडांना नावे ठेवत आलो, त्यांच्यातल्या एकानेही इतका नीच प्रकार केलेला नाही. ते पत्र सोबत जोडले आहे.

तरी सर्व वह्या व पारदर्शिका डेस्मंड फ्लेट याला मिळाव्यात, आणि माझ्या मृत्यूनंतर खरी हकीकत क्लबने प्रसिद्ध करावी.

येथपर्यंतचा मजकूर सोमवारी वकील आयरिस थोर्वाल्डसनबाई यांच्या कचेरीत सांगितला. व्हॅलरी शेजारी बसली होती.

“तुम्ही गेल्यावर छापायचं?” तिने विचारले.

“हो.”

“आणि फ्लेटकाका आधी गेले तर? ब्याऐंशीचे आहेत ते.”

“तर त्यांच्या घरच्यांना कळेल.”

“म्हणजे बाबा, तुम्ही अजून त्या डोनटच्या दुकानातच बसलाय.”

थोर्वाल्डसनबाईंनी खाली मान घालून कागद सारखे केले. पोटच्या पोरीने तोंडावर असे सुनवावे, हे मी कोणाच्या वाट्याला इच्छित नाही. फार तर गॉर्डनच्या.

कलम ६. हे कलम शनिवारी सेलकर्क येथील वृद्धाश्रमात, फ्लेटच्या खोलीत लिहिले आहे. व्हॅलरीने गाडी चालवली, वकीलबाई सोबत होत्या. फ्लेटचे पाय गेले आहेत. खिडकीशी बसून तो नदीवरचा बर्फ बघत होता. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. ‘बस’ म्हणावे इतका तो भाबडा नव्हता.

सांगून झाल्यावर तो म्हणाला, “त्या दिवशी येताना तुझी गाडी दिसली होती मला. डोनटच्या दुकानाबाहेर.”

“मग सभेत बोलला का नाहीस? एका वाक्यात माझं थोबाड बंद झालं असतं.”

“गाडी दिसली होती, लॉर्न. तू दिसला नव्हतास.”

“अरे, पण...”

“जे डोळ्यांनी पुरतं बघितलं नाही, ते मी कशाला सांगू?”

मला रडू आले, आणि ते मी लपवले नाही. सदतीस वर्षे ज्या कायद्याच्या नावाने मी मिरवलो, तो या एकट्याने पाळला होता.

मी वह्यांचे सांगितले. “नको,” तो म्हणाला. “तुझ्या वह्यांत त्या शनिवारचं पान कसं असेल ते मला माहीत आहे.” मी पुन्हा आग्रह केला. तेव्हा त्याने बाईंना विचारले, “या कागदावर साक्षीदार कोण आहे?”

“एक मी. दुसरी आश्रमातली परिचारिका सही करेल,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला करता येणार नाही, फ्लेटसाहेब. साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही.”

“मग मीच करतो. पेन द्या.”

सबब, कलम ५ मधील फ्लेट याच्या नावचे दान रद्द. वह्या व पारदर्शिका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्याव्यात. त्या शनिवारच्या पानावर मी आज लाल शाईने खरे काय ते लिहिले आहे. हकीकत माझ्या मृत्यूची वाट न पाहता आज संध्याकाळीच प्रसिद्ध व्हावी. गॉर्डन पेलेटिए यास फोनवर मजकूर सांगितला आहे. कंपनीने न कळवलेली ही त्याची पहिलीच बातमी असल्याने तो जरा गोंधळला होता.

अंमलबजावणीचे अधिकार व्हॅलरीकडे राहतील.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, म्हणून खाली सही करीत आहे.

ठिकाण : सेलकर्क, मॅनिटोबा
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२४

(सही) लॉर्न मेट्रो प्रोकोपचुक

साक्षीदार :

१. (सही) आयरिस थोर्वाल्डसन, वकील, विनिपेग. सही आमच्या दोघांच्या समक्ष झाली.

२. (सही) डेस्मंड फ्लेट, निवृत्त बसचालक, सेलकर्क. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी लॉर्न प्रोकोपचुक याने सही केली. मी तिथे हजर होतो आणि ती स्वतःच्या डोळ्यांनी पुरती पाहिली.