नवरदेवाचा कान आणि इस्कंदरियाची यात्रा

मु. इस्कंदरिया
आश्विन शुद्ध अष्टमी, शके १८३९

ती. दाजी व ती. सौ. आक्का यांस गहिनीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी खुशाल हाय. रिसाल्याची आजारी घोडी घेऊन मला मिसर देशातल्या या बंदराच्या गावी धाडलंय. तुर्काशी चाललेली लढाई इथून लांब हाय, आक्कानं फिकीर करू नये. घोडी बरी झाली की त्यांच्यासंगं परत आघाडीवर जायचं. तवर चारापाणी, खरारा, आन् मधूनमधून रुखसत, म्हंजी सुट्टी.

रुखसतीत गाव पाहिलं. इथं रस्त्यानं गाडी धावती, तिला बैल न्हाई, घोडा न्हाई, इंजिनबी न्हाई. वर तार, तारेला टेकलेली एक काठी, आन् गाडी सुसाट. काही काम नसताना मी तिच्यात बसून गावाच्या ह्या टोकापासून त्या टोकापतुर गेलतो. एका टेकाडावर एकाच तांबड्या दगडाचा खांब हाय, त्याचा शेंडा बघताना माझा पटका खाली पडला. एका सरकारी इमारतीत कधी काळी मेलेली माणसं कापडात गुंडाळून काचेच्या पेटीत ठेवलीत. तिकीट काढून बघायची. आपल्याकडं जित्या माणसाला फुकटबी कुणी बघत न्हाई.

पुढच्या ओळी दाजींनी मनातल्या मनात वाचाव्या. इथं दर्यात गोऱ्या मडमा आंघोळीला उतरतात. अंगावर कापड इतकं कमी की मी लाजून पाठ फिरवली. मग मान अवघडली म्हणून पुन्हा फिरलो.

आईबाप गेल्यापासून आपली धाकटी कडू तुमच्या पदरी हाय. तिचं लग्न तुमीच जमवलं, आता कान पिळायला तेवढं मी येतो. साहेबाकडं रजेचा अर्ज टाकलाय. नवरदेव रामकिसनला म्हणावं, कानाला आत्तापासून तेल चोळायला लाग. माया हाय तशी राहू द्यावी, दूर गेलो म्हणून आटू देऊ नये.

आपला,
गहिनीनाथ

*

मु. धारूर
कार्तिक वद्य तृतीया

चि. गहिनीनाथ यास आक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि. सांगती मी, लिहितात तुझे दाजी.

तुझ्या पत्रानं घात केला. खरं म्हंजी पत्रानं न्हाई, दाजींनी केला. बाजाराच्या दिवशी धर्मापुरीचे सुंदरराव, रामकिसनचे आजोबा, लग्नाचं पक्कं करायला आपल्या ओसरीवर आलते. बाजारची मंडळीबी होती. ह्यांना मेव्हण्याचं कौतुक आवरंना. पत्र काढलं आन् वाचलं. मनात वाचायच्या ओळीबी वाचल्या. अरं, 'मनातल्या मनात वाचाव्या' हेसुद्धा मोठ्यानं वाचलं. (वाचण्याच्या ओघात झाले. — तुझे दाजी, बद्रीनाथ)

मडमांवर समदे हसले, सुंदरराव हसले न्हाईत. ते म्हणाले, पोरगं दर्यापार गेलं, कुणाच्या हातचं खाल्लं ठाऊक न्हाई, वरून मुडदे बघून आलं. त्याचा हात आमच्या नातवाच्या कानाला लागणार न्हाई. मी दाराआडून म्हणलं, नवरीचा एकुलता भाऊ हाय, मग कान कुणी पिळायचा? तर म्हणाले, मग सोयरीकच राहू द्या.

कडूनं ते ऐकलं. शिवरात्रीला परळीत वैजनाथाच्या रांगेत तिनं रामकिसनला पाहिलंय, तवापासून तिच्या डोळ्यांपुढून तो हलत न्हाई. ताटावर बसती आन् तशीच उठती. तिचं तोंड मला बघवत न्हाई रे.

म्हणून नीट ऐक. सुंदररावाला एकच नाद हाय, तीर्थयात्रेचा. काशी-रामेश्वर करून आलेत, आन् पान मागायचं झालं तरी 'आम्ही काशीत असताना' म्हणून सुरू करतात. तू तेच गाव पुन्हा बघ आन् यात्रेकरू सांगतो तसं लिही. खोटं एक अक्षर लिहू नको, आपल्या घरात ते चालत न्हाई. फक्त काय सांगायचं आन् काय गिळायचं, तेवढं बघ. (लिहिले मी, परंतु मत माझे नाही. — ब.)

जिवाला जप. आमचा जीव तुझ्यापाशी हाय, तो तसाच परत आण.

तुझी,
आक्का

*

मु. इस्कंदरिया
पौष शुद्ध दशमी

ती. दाजी व ती. सौ. आक्का यांस साष्टांग नमस्कार वि. वि.

हा कागद तुमा दोघांचा. ओसरीचा कागद वेगळा घातलाय, दाजींना हात जोडून विनंती की उचलताना बघून उचलावा. त्यात भुयार म्हणून लिहिलंय ते जुन्या लोकांचं कबरस्तान हाय. समुद्रस्नान झालं ते घोडी धुताना झालं. बाकी समदं खरं.

एक गोष्ट गोड न्हाई. घोडी बरी झालीत, आता परत आघाडीवर निघायचं. साहेब अर्जावर हो म्हणत न्हाई आन् न्हाईबी म्हणत न्हाई. वैशाखात लग्नाच्या वेळी मी कुठं असंन ते मलाच सांगवत न्हाई. कडूला हे कळू देऊ नका. तिचं लग्न माझ्या हातापायी मोडलं तर मी कोणत्या तोंडानं घरी येऊ?

*ओसरीचा कागद*

सर्व वडील मंडळींस दंडवत. पहाटे समुद्रस्नान केलं. मग एकाच शिळेच्या खांबाला उजवं घालून प्रदक्षिणा केली. खांबाला जोड कुठंच न्हाई. तिथून जवळ भुयार हाय. ते माणसाला सापडलंच न्हाई. एका गाढवाचा पाय खचला, ते आत गेलं, तवा दुनियेला कळलं, असं सांगतात. विहिरीभोवती गोल गोल पायऱ्या उतरत जायचं. आतल्या दाराशी दोन नाग, दोघांना दाढी, दोघांच्या डोक्याला मुकुट. तिथंच चिलखत ल्यालेला एक देव, त्याचं तोंड कुत्र्याचं. मला आपला खंडोबा आठवला. आक्कानं बांधून दिलेल्या भंडाऱ्यातली चिमूट त्याच्या पायाशी ठेवून येळकोट केला. पहारेकऱ्यानं हटकलं, तर त्याच्याबी कपाळाला लावला. परतताना दर्याच्या तोंडचा किल्ला पाहिला. तिथं पूर्वी जहाजांना वाट दावणारा दिवा होता म्हणं, आपल्या दीपमाळेवानी, पण डोंगराएवढा.

आपल्या आशीर्वादानं दर्शन घडलं. पायाशी थारा असावा.

सर्वांचा,
गहिनीनाथ

*

मु. धारूर
माघ वद्य प्रतिपदा

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद वि. वि.

कागद वाचला. बरोबर वाचला, मी आधी ह्यांच्या हातातून दुसरा काढून घेतला होता. नागाच्या दाढीपाशी धोंडीराम पाटलानं मुद्दाम इचारलं की सुंदरराव, रामेश्वराला असले नाग हायती का? सुंदररावांनी गाढवाचं पुन्हा वाचायला लावलं. मग कागद मागितला, पागोट्यात खोवला आन् उठले.

मला वाटलं जिंकलं. मागनं कळलं, ते तडक मोमिनाबादेला गेले. तिथं तुमच्या रिसाल्याचे पेन्शनीवाले राहतात. त्यातला एकजण जरी कबरस्तान म्हणाला, तर संपलंच. माझी शक्कल माझ्याच बहिणीच्या मुळावर आली. (मी काही म्हणालो नाही, याची नोंद असावी. — ब.)

तू आघाडीवर निघालास ते कडूला सांगितलं न्हाई, पण तिनं दाजींच्या तोंडावरून ओळखलं. ती म्हणली, कान राहू द्या, लग्नबी राहू द्या, माझा भाऊ येऊ द्या. मी मागं वळून चुलीत फुंकत बसले. तुझ्या वाटेकडं आमचे डोळे हायती, त्यांना फार दमवू नको.

तुझी,
आक्का

*

मु. धर्मापुरी
फाल्गुन शुद्ध द्वितीया

चि. गहिनीनाथ यास सुंदररावाचे अनेक आशीर्वाद वि. वि. पत्ता व सारी हकीकत बद्रीनाथाकडून घेतली.

आम्ही काशीत असताना एका पंड्याने आम्हास असेच रसाळ वर्णन ऐकवून विहिरीतले पाणी गंगाजल म्हणून दिले होते. तेव्हापासून ही बोली आम्ही ओळखतो. मोमिनाबादेस तुमच्या रिसाल्याचे एक जुने जमादार आहेत, त्यांनी ते भुयार पाहिले आहे. आत कोण निजले आहे, तेही सांगितले. तो खंडोबा नव्हे.

येताना संतापाने घोडा हाकला. वाटेतल्या घाटात संताप उतरला आणि हसू येऊ लागले, ते घरी येईतो थांबेना. तुझ्या बहिणीने आम्हास बनवण्यासाठी दर्यापारचे गाव पालथे घालायला लावले, तू ते घातलेस, आणि बद्रीनाथासारख्या माणसाने चेहरा न हलू देता वाचून दाखवले. एका पोरीच्या सुखासाठी एवढा खटाटोप करणारे घर आम्हास दुसरे कुठे मिळणार? सोयरीक सोडतो कोण?

ओसरीवर जाऊन आम्ही सर्वांसमक्ष सांगितले की क्षेत्र जागृत आहे, चौकशी करून आलो, मुलाच्या हातास दोष नाही. तेव्हा आता तू आम्हास खोटे पाडू नये. तुझी आक्का दाराआड रडली की हसली, ते आम्हास ओळखता आले नाही. कडूबाई मात्र त्या दिवशी दोन भाकरी जेवली असे कळते.

लग्न ठरल्या तिथीस वैशाखात होईल. पोरीस ताटकळत ठेवणे बरे नव्हे. कान पिळण्यास बद्रीनाथ पुढे झाले, धोंडीराम पाटीलही झाले. दोघांसही आम्ही मागे सारले. तो मान तुझा आहे. रामकिसनचा कान तू येईतो कुणी धरणार नाही, त्याच्या आईलाही बजावले आहे. तो रोज तेल चोळतो.

आमचा लोभ आता तुझ्या घरावर जडला आहे, तो तू येऊन सांभाळावा. कान पिळायला एक हात पुरतो. तू दोन्ही घेऊन ये.

सुंदरराव