नव्या तांदळाचा डबा

प्रिय शेफाली,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. खोडत बसत नाही. रजा टाकून पुण्याला भावाकडे जाऊन बसलीस, माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. निदान हे तरी वाच.

तुझा सातवीचा वर्ग सध्या माझ्या गळ्यात आहे. पोरं विचारतात, मॅडम कधी येणार? मी म्हणते, मला काय माहीत. दुसऱ्या बाकावर नूतनची जागा रिकामी असते. तिकडे बघणं नको म्हणून मी हल्ली फळ्याकडे तोंड करूनच शिकवते.

हंगामाच्या सणाला, नवं पीक देवापुढं ठेवायला, आपल्या मिशनच्या शाळेतर्फे चर्चमध्ये वर्गावर्गाची टेबलं मांडतो आपण. कुणी भोपळा आणतं, कुणी वालाच्या शेंगा. तुला तुझ्या वर्गाचं टेबल सगळ्यांत उठून दिसायला हवं होतं. उत्रोलीच्या पोरांनी आणलेला तांदूळ जुना निघाला, तशी तू गुंजवणे गावच्या नूतनला नवा आणायला सांगितलंस. ती घुटमळली. देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्या घरातला नवा तांदूळ उंबऱ्याबाहेर जात नाही, असं तिनं तुला स्पष्ट सांगितलं. तू म्हणालीस, डबाभर तर हवाय, कुणाला कळतंय? तिनं घरी न विचारता डबा आणला, आणि मग तूच त्या डब्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकलास, वर नूतनचं नाव लिहून! काय म्हणावं तुझ्या अकलेला?

दुसऱ्या दिवशी तिचे वडील, धनाजीराव, पहिल्या एसटीनं आले. ऑफिसात मुख्याध्यापक सरांसमोर त्यांचा आवाज चढला, मान्य. पण तू? मी मागितलाच नव्हता, पोरीनं आपल्या मनानं आणला, म्हणालीस. नूतन तिथंच उभी होती, ती तुझ्या तोंडाकडे बघत राहिली. बापानं विचारलं, “चोरून न्हेलास व्हय गं?” तिनं मान खाली घातली. ते तिला दप्तरासकट घेऊन गेले. दहा आज्ञा तूच पाठ करून घेतेस ना पोरांकडून? खोटी साक्ष देऊ नको, ही त्यातलीच आहे. चीड येते मला तुझी. इतकी कुणाचीच आली नव्हती.

आणि माझीही येते. तू नूतनला सांगत होतीस तेव्हा मी वर्गाच्या दारात वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी होते. ऑफिसातही होते. अकरा वर्षांच्या मैत्रीखातर तोंडाला कुलूप लावून बसले. मी गप्प बसणार हे तुला ठाऊक होतं, म्हणून तर तू इतकं बिनधास्त बोललीस.

काल उपासना आटोपून मी गुंजवण्याला गेले. ओट्यावर धनाजीराव होते, त्यांची आई ठकुबाई होती. दोघांसमोर सगळं खरं सांगितलं, तुझं नाव घेऊन आणि माझंही. हाकलून देतील असं वाटलं होतं. धनाजीरावांनी माझ्यापुढं बसायला घोंगडी सारली. मग म्हणाले, “देवीचं आमी बघून घिऊ, बाई. पर म्या पोरीला चोर म्हनलं. पंदरा दिस झालं, ती माझ्यासंगं बोलत न्हाई.” नूतन दारात उभी राहून ऐकत होती. शाळेत यायला ती तयार आहे, पण तिची एक अट आहे. जिथं तू तिला खोटं पाडलंस, तिथंच, सरांसमोर, तुझ्या तोंडानं खरं सांगायचं. आज सकाळी मी सरांना सगळं लिहून दिलं. गुरुवारी अकराला त्यांनी बोलावलंय. नूतन वडिलांबरोबर येईल. तू आली नाहीस तर ती ऑफिसच्या पायरीवरूनच परत जाईल. मग तुझी सातवी पुन्हा मला विचारेल, मॅडम कधी येणार, आणि त्या वेळी मी पोरांना सगळं सांगेन.

‘तुझीच’ लिहवत नाही, म्हणून नुसतीच
रत्ना