मधलं यंत्र भरतं

सोमवार, ता. ४
आले बाई एकदाची नातीकडे राहायला! बबडी म्हणाली, सामान कमी आणि आजीच जास्त. आता ती कॉम्प्युटरवर हलती चित्रं करते, चार माणसं तिला मॅडम म्हणतात, पण मला ती बबडीच. खोली लहान आहे, तरी खिडकीशी माझ्यासाठी हाताची खुर्ची मांडलीय. ही वहीसुद्धा तिनेच दिली. म्हणे तुझी बडबड इथे ओत, माझे कान तरी वाचतील. कार्टी! मी चौथीपर्यंत शिकलेली, चुकलंमाकलं वहीनेच पोटात घालावं.

बुधवार, ता. ६
बबडीच्या पडद्यावर एक म्हातारी आहे. ती मीच! हनुवटीवरची चामखीळसुद्धा सोडली नाही मेलीने. आधी आत हाडं घालायची, सांध्याला सांधा जोडायचा, मग वरून कातडं चढवायचं. त्याला रिग म्हणतात. बाहुलीला कुठलीच मुद्रा, म्हणजे अंगाची ठेवण, दिलेली नसली, की ती दोन्ही हात पसरून ताठ उभी राहते, काठीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखी. सगळ्याच बाहुल्या तशा. स्वतःला असं ताटकळत उभं पाहून मी इतकी हसले, की ठसका लागला.

शुक्रवार, ता. ८
आज मी नटी! बबडीची ही पहिली स्वतःची फिल्म. त्यात म्हातारी खिडकीशी लिहीत बसते आणि लिहितालिहिता प्राण सोडते. मला काळा घट्ट पोशाख चढवला, त्यावर जागोजागी पांढऱ्या गोळ्या, म्हणे त्यावरून यंत्र माझं अंग टिपतं आणि बाहुलीला देतं. आमचे हे असते तर ओळख दाखवली नसती. पहिली मुद्रा, ताठ बसून लिहिते. शेवटची मी माझ्या डोक्याने केली. मान डाव्या खांद्यावर, उजवी चप्पल निसटलेली, पेन गळून खाली. बबडीने टाळ्या पिटल्या. मधलं कोण करणार विचारलं, तर म्हणाली, दोन टोकं आपण द्यायची, मधलं यंत्र भरतं.

मंगळवार, ता. १२
मान अवघडलीय, डावीकडे. बबडीने गरम पाण्याच्या पिशवीने शेकली, आणि माझ्या घोरण्यावर दोन शब्द ऐकवले. उजवी चप्पल पण सारखी निसटते, सैल झाली असेल. यंत्र एकेक चित्र तयार करतं, फार हळू. पडद्यावरची म्हातारी आज जराशी कललेली दिसली. डावीकडे.

गुरुवार, ता. १४
चष्मा पुसून पाहिलं. ती जेवढी कलते तेवढीच मी. चपला माळ्यावर टाकल्या. त्या खुर्चीत बसणारच नाही म्हटलं, स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी निवडायला घेतली. मान वर करते तो समोर खिडकी. खुर्चीतच होते. मांडीवर भाजी. पायात चपला —

शनिवार, ता. १६
बबडीला सांगितलं. आधी म्हणाली, आजी, नाटकं पुरे. मग एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि पोरीचं हसू गेलं. यंत्र बंद केलं. वायर उपटली. तरी मान खालीच —
फिल्म गेली खड्ड्यात म्हणते. माझे पाय धरून रडते. मला मरायचं नाही गं, अजून तुझं सगळं बघायचंय —

रविवार, ता. १७
कान खांद्याला टेकला. चप्पल गेली. पेन तेवढं राहिलंय. वही डाव्या हातात गच्च. बोटं सुटू बघतात, म्हणून लिहितेच, थांबायचं नाही —
बबडीने यंत्र पुन्हा चालू केलंय. मुद्राच पुसते म्हणते. पहिली, शेवटची, सगळ्या. टोकंच नसली तर यंत्र भरणार काय? हुशार गं माझी बाय —
पुसल्या.
अगो बाई! मान वर! सरळ! गुडघे दुखत नाहीत. उभी राहिले, कुणी न उठवता. बबडी हसते, रडते. तिला जवळ घ्यायला हात पसरले —
मी नाही पसरले.
खाली येत नाहीत. बबडे, दे गं कुठलीतरी मुद्रा, ती मरणाचीसुद्धा चालेल — वही एका हातात, पेन दुसऱ्यात, लांब चाललेत एकमेकांपा