आण्णांचा गेणबा

कारेगाव, ता. शिरूर
रविवार, ११ मार्च २००१, दुपारी सव्वातीन

प्रिय गोकुळमामा,

सप्रेम जयभीम. कंपनीचा गणवेश धुऊन दोरीवर टाकला, गॅस बंद आहे का ते दोनदा बघितलं आणि पत्र लिहायला बसलो. मी संघर्ष, तुमच्या चांगुणाताईचा मुलगा. आपली भेट होऊन बरीच वर्षं झाली, म्हणून ओळख लिहिली. माझी शाळा नववीत सुटली, तरी शुद्धलेखन तपासून हे दुसऱ्यांदा उतरवून काढतो आहे. पहिल्या कागदावर खाडाखोड फार झाली होती.

मी इथे एका कारखान्यात पॅकिंगला आहे. आई-आण्णा दौंडलाच असतात. आण्णा रिटायर झाल्यावर रेल्वेची खोली सुटली. नवं घर तुम्ही पाहिलेलं नाही. आईने भिंतीवर तुमचा एक फोटो लावलाय, पण तो नाटकातल्या पोस्टमनचा. गेणबाचा नाही.

तुम्ही आमच्या त्या खोलीत राहायचात तेव्हा मी लहान होतो. दिवसा कामं शोधायची, संध्याकाळी नाटकाची तालीम, आणि मधल्या वेळात आण्णांचा डबा घेऊन रेल्वेच्या सिग्नल केबिनवर जायचं, हा तुमचा क्रम. मीही तुमच्या मागे जिना चढायचो. फोन यायचा, गाडी चार नंबरला घ्या. आण्णा कानामागे हात धरून तेच परत म्हणायचे, गाडी चार नंबरला घ्यायची. पलीकडून ‘बरोबर’ असं आलं की मगच त्यांचा हात लिव्हरवर जायचा. ते येईपर्यंत आण्णा पुतळ्यासारखे उभे. ही सवय घरीही होती. आई म्हणायची, येताना साखर आणा आन् आपल्या सीमाला शाळेतून घ्या. आण्णा उंबऱ्यात थांबून म्हणायचे, साखर आणायची, सीमाला शाळेतून घ्यायचं. आई मुद्दाम गप्प बसायची. मग म्हणायची, “मी बरोबर म्हणलेच न्हाई तर? हितंच उभं राहणार का काय?” आण्णा शांतपणे म्हणायचे, “व्हय.” तुम्ही हसून हसून भिंतीला टेकायचात.

मग तुम्ही मुंबईला गेलात. एकदा टीव्हीवर हॉटेलातला पोऱ्या झालात, एकदा तिरडीवरचं प्रेत. त्या वेळी आईने शेजारच्या साखरबाईंना बोलावून तुमचे पाय दाखवले होते. त्यानंतर मालिकेतला तुमचा गेणबा शिपाई आला. पहिला भाग बघायला निम्मी कॉलनी आमच्या दारात होती. आण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेब म्हणाला, दोन चहा आणि लाल फाईल. गेणबाने कानामागे हात धरला, मान तिरकी केली आणि म्हणाला, दोन चहा, लाल फाईल. मग तो तसाच उभा राहिला. साहेबाने कपाळावर हात मारला. सगळे खो खो हसले. हसता हसता एकेक जण मागे वळून आण्णांकडे बघायला लागला. आण्णाही हसले होते, मामा. आधी हसले होते. मग सगळे त्यांच्याकडेच बघतायत हे त्यांच्या लक्षात आलं.

पुढे त्यांना स्टेशनवर, बाजारात, न्हाव्याकडेही गेणबा म्हणायला लागले. भिमाजी चहावाला तर दोन चहा म्हणून थांबायचा आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचा. तुम्ही पेढे घेऊन आलात तेव्हा आण्णा ड्युटी नसताना डबा घेऊन बाहेर पडले, हे तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. ते रागाने कधी काही बोलले नाहीत. केबिनमध्ये नियमाप्रमाणे म्हणत राहिले, पण घरात परत म्हणायचं त्यांनी सोडून दिलं. आईने काही सांगितलं की मान हलवायची आणि जायचं. आई मला एकदा म्हणाली, “तवापासनं ह्या घरात मी एकटीच बोलती.”

सणसवाडीला एका हॉटेलच्या उद्घाटनाला तुम्ही गेणबाची टोपी घालून आला होतात. मी गर्दीत मागे होतो. लोक ओरडत होते, तुम्ही तेच तेच म्हणून दाखवत होतात, आणि वाट बघताना डाव्या हाताने चष्म्याची दोरी चाचपत होतात. ती आण्णांचीच सवय. मी त्यांच्या घरात वाढलो, तरी ती मला तोवर दिसली नव्हती. तिथून दौंड काही लांब नव्हतं. तुम्ही आला नाहीत. हल्ली तुम्ही फक्त दंतमंजनाच्या जाहिरातीत दिसता. काम कमी आहे का, तब्येत बरी आहे ना, ही काळजी आईला असते.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबरात आण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. पाय जरा सुधारला. बोलण्याचे उपचार करणाऱ्या पुण्याच्या बाईंनी सांगितलं, रोज एकेक शब्द बोला आणि त्यांना परत म्हणू द्या, लवकर केलं तर बोलणं येईल, उशीर झाला तर अवघड. आई पाणी म्हणते, मी भाकरी म्हणतो. आण्णा तोंड मिटून भिंतीकडे बघतात. परत म्हणा असं आपण कुणाला सांगतोय, हे आम्हाला कळतं, त्यांनाही कळतं.

मागच्या रविवारी दुपारी टीव्हीवर गेणबा पुन्हा दाखवत होते. आई घाईने बंद करायला उठली, तर आण्णांनी डावा हात वर करून तिला थांबवलं. तोच पहिला भाग. दोन चहा, लाल फाईल. गेणबा उभा राहिला, दोरी चाचपायला लागला. साहेबाने कपाळावर हात मारला, आणि त्या हशाच्या आत आण्णा म्हणाले, “बरोबर.” शब्द फुटका होता, पण तोच होता. आई पदर तोंडाशी धरून खाली बसली. पुढच्या वेळी गेणबा थांबला, तेव्हा आण्णा पुन्हा म्हणाले. तीन महिन्यांत आलेला हा एकच शब्द आहे, मामा, आणि तो त्यांनी तुम्हाला म्हटला.

तुमचा फोन लागत नाही, म्हणून पत्र लिहिलं. आई म्हणाली, “कळव त्याला, पण मी सांगितलं म्हणू नगंस.” मला खोटं लिहिता येत नाही. रविवारी २५ तारखेला सकाळच्या गाडीने दौंडला या. मी स्टेशनवर पुलाच्या पायऱ्यांपाशी असेन. टोपी आणू नका, पेढे आणू नका. आण्णांच्या समोर बसा, आई सांगेल ते परत म्हणा आणि थांबा. घाई करू नका, त्यांना वेळ लागतो. कार्डावर एवढंच लिहून पाठवा: रविवार पंचवीस, दौंड, पुलाच्या पायऱ्या, टोपी नाही. ते मी आण्णांना वाचून दाखवीन, आणि ते काय म्हणतात त्याची वाट बघेन.

तुमचाच,
संघर्ष