गाडी नंबर शून्य

४ मार्च

चि. मुंगीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बसगाड्या वेळेवर धावतायत, हवा बरी आहे, आणि शेवटी एका ओळीत, जशी काही कुणा तिसऱ्याचीच बातमी, की डॉक्टरांनी नैराश्य आहे म्हणून सांगितलं. अगं, मावशीला पत्र लिहितेयस, डेपोला अहवाल नाही.

काय खातेस असं त्यांनी विचारल्यावर तुला हसू आलं म्हणे. मला नाही आलं. शिलाईच्या कारखान्यात वीस वर्षं मी मशीनवरच पाव कुरतडत काढली. चाळिशीत सगळं राखाडी दिसायला लागलं, तेव्हा लोक मला आळशी म्हणाले आणि मीही मान डोलावली. पोटाची इतकी वर्षं आबाळ केली की मनालाही ती भोवू शकते, हे पुढे वाचनालयातल्या पुस्तकांनी सांगितलं. तू मान डोलवायची नाहीस. महिनाभर काय खातेस ते लिहून डॉक्टरांना दाखव आणि मलाही.

लोभ आहेच, उत्तर मात्र लांबलचक हवं.

तुझी मावशी

९ एप्रिल

ती. मावशीस, सा. न.

यादी सोबत आहे. सवयीने बसच्या नोंदीसारखी झालीय, वेळेसकट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात एकही नोंद चार मिनिटांहून मोठी नाही. बिस्किटं, गोड चहा, वेफर्स, घरी जाऊन पुन्हा वेफर्स. अकरा वर्षं हेच. सगळा दोष खाण्याचा नाही, गोळ्या चालूच ठेवायच्या. पण मन बिघडलं की खाणं बिघडतं, खाण्याने मन आणखी, आणि ते कुठेतरी अडवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा भाजीच्या जुडीने सगळं जातं असं तू मला लिहू नकोस.

एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. डेपोच्या वायरलेसपाशी बसून बासष्ट ड्रायव्हरांच्या जेवणाची वेळ रोज मीच तक्त्यात भरते. प्रत्येकाला चाळीस मिनिटं, एकाचीही कधी चुकू दिली नाही. नियमाने मलाही तेवढीच आहेत, पण तक्त्यात माझी ओळच नाही. साहेबांना बोलले, तर म्हणाले, अकरा वर्षांत भूक लागली नाही, आता कशी लागली.

रागावू नकोस, लोभ ठेव.

तुझी मुंगी

१५ एप्रिल

चि. मुंगीस, आशीर्वाद.

जुडीचं नाव काढत नाही, पण ती डब्यात असू दे. ओळ नाही तर आखून घे; पट्टी नसेल तर माझी पाठवते. स्क्रीनसमोर नाही, टेबलापाशी बसून जेव. कडधान्य, पालेभाजी, एखादं फळ, जमेल ते. साहेबांना म्हणावं, भूक तेव्हाही होती, विचारलं कुणी नव्हतं. नोकरीची भीती घातली तर माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि मी घोरत नाही.

गोळी चुकवू नकोस. लोभ दुप्पट.

तुझी मावशी

६ मे

ती. मावशीस, सा. न.

तू घोरतेस.

तक्त्यात सगळ्यांत खाली लिहिलं: गाडी नंबर शून्य, एक दहा ते एक पन्नास, थांबा टेबल. साहेबांनी खोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तिसऱ्या दिवशी शाईने लिहिलं. तक्त्याची प्रत रोज सकाळी बासष्ट जणांच्या हाती जाते, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

काल साहेब खुर्चीमागेच उभे राहिले. उठलीस तर लेखी उत्तर द्यावं लागेल, म्हणाले. मन शिशासारखं जड होतं, मावशी. मी बसून राहिले.

एक दहा झाले. वायरलेसवर सतरा नंबरचे म्हातारबा विचारू लागले की गाडी शून्य थांब्यावर पोचली का. मग चाळीस नंबरवालीने विचारलं. मग थांब्याथांब्यावरून एकेक जण. कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, आणि माइक माझ्या खुर्चीपुढेच असतो. मी उठले. साहेबांना बसावं लागलं.

डबा गार झाला होता, अर्धाच संपला. आनंदबिनंद काही झाला नाही. पण टेबलापाशी चाळीस मिनिटं पुरी बसले.

लेखी उत्तर आज दिलंय. नियमाचा नंबर टाकला आणि खाली लिहिलं, गाडी शून्य उद्याही एक दहालाच थांबेल.

लोभ असाच राहू दे, आणि पट्टी पाठव. ओळ रोज आखायचीय.

तुझी मुंगी